मुख फिरवणारं शिल्प: सोलापुरातल्या एका टांगत्या कामाचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या एका कुटुंबाचं तीन मजली घर आहे. खाली ऑफिस आणि माल दाखवायची खोली, वर राहतं घर. जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत, वरच्या बीमपासून खाली, एक शिल्प टांगलेलं आहे. उंची ९ फूट, फुगवट्यापाशी रुंदी ४ फूट, वजन ३१ किलो. सूत, घोसाळ्याच्या जाळ्या, तांब्याची तार, कागदाचा लगदा आणि घायपाताचा वाख यांतून ते हातानं घडवलं आहे. मार्चमध्ये टांगलं तेव्हा त्याचं मुख पहिल्या मजल्याच्या लँडिंगकडे होतं. सप्टेंबर संपला तेव्हा ते मागच्या भिंतीकडे वळलेलं होतं, आणि खालचं टोक ओळंब्याच्या सरळ उभ्या रेषेपासून ४ इंच एका बाजूला सरकलं होतं. कुणी त्याला हात लावला नव्हता.

मी सोलापुरात कलाशिक्षक आहे. या कामाची छायाचित्रं आणि नोंदी ठेवायचं काम शिल्पकार ताईंनी माझ्यावर सोपवलं होतं, त्यामुळे शिल्प घडताना, फिरताना आणि पुन्हा टांगताना जवळून पाहता आलं. टांगत्या शिल्पाबद्दल बोलताना आपण आकार, पोत, रंग यांवर खूप बोलतो आणि ते कशावर लोंबकळतं याकडे बघतही नाही. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण तेच.

काम कसं घडलं

मालकांची मागणी एवढीच होती की जिन्यात काहीतरी असावं आणि ते आपल्या धंद्याशी नातं सांगणारं असावं. चादरीचा तुकडा फ्रेम करून लावणं सोपं होतं. ताईंनी तो मार्ग घेतला नाही. त्या कारखान्यात जाऊन मागांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर मालापेक्षा मागांशेजारच्या वेस्टेजच्या डब्यांकडे गेली.

रेपियर मागावर, म्हणजे धोटा नसलेल्या मागावर, टॉवेल विणताना आडवा धागा काठाच्या बाहेर थोडा उरतो. तो कापला जातो, आणि काही उभ्या धाग्यांत अडकलेली झालरीसारखी लांबच लांब पट्टी मागाशेजारी साठत जाते. कारखान्यात तिला नुसतं वेस्टेज म्हणतात आणि किलोवर विकतात. ही पट्टी हातात धरून बघण्यासारखी असते. एक कड घट्ट, दुसऱ्या बाजूला बोटाएवढे मोकळे धागे, आणि ज्या दिवशी मागावर जो रंग असेल तो रंग. पांढऱ्यानंतर मोरपंखी, मग अचानक दोन हात विटकरी. कुणी न ठरवलेला रंगांचा क्रम. शिल्पाची कातडी याच पट्टीची आहे.

सांगाडा ६ मिमी लोखंडी सळीच्या सात कड्यांचा. एकही कडं पूर्ण गोल नाही. ती उभ्या जस्ती तारांनी एकमेकांना जोडली होती आणि सांध्यांवर बाइंडिंग वायरचे फास. सगळ्यात वरचं कडं ताईंनी शेडच्या तुळईला अडकवलं आणि काम पहिल्यापासून टांगूनच केलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. टेबलावर आडवं ठेवून रचलेला सेंद्रिय आकार उभा केला की खोटा दिसतो, कारण त्याचे फुगवटे वजनानं आलेले नसतात, बोटांनी दाबून आणलेले असतात. टांगून काम केलं की सूत भरत जाईल तसा आकार खाली ओढला जातो आणि पोट कुठे सुटणार ते वजनच ठरवतं. ताई पट्टीचा एक वेढा घालायच्या, थांबायच्या, चार पावलं मागे जायच्या. कधी दुसऱ्या दिवशी येऊन तोच वेढा उसवायच्या.

पोटाच्या एका बाजूला मुख आहे, ओठ बाहेर वळलेलं. आतून वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळ्या दाभणानं एकमेकींना शिवून अस्तर केलंय. शिवण गोधडीच्या धावदोऱ्याची, मुद्दाम वर दिसणारी. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून जळालेल्या मोटरींची तांब्याची तार आणून तिचं सैल जाळं या अस्तरात विणलंय. दुपारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की आतलं तांबं चमकतं. लँडिंगवर उभं राहिलं तरच हे दिसतं. त्यामुळे या शिल्पाला पुढची बाजू आहे, आणि पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरतं.

घरी आलेल्यांपैकी कुणी त्याला सुगरणीचं घरटं म्हणतं, कुणी मोहोळ, घरातली धाकटी मुलगी त्याला पोट म्हणते. ताई कुणालाच दुरुस्त करत नाहीत.

या प्रकारच्या कामाला मोठी परंपरा आहे. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी मागाचा आधार न घेता तागासारख्या जाड तंतूंच्या गाठी मारून माणसाहून उंच रूपं उभी केली. ती फुलासारखीही होती आणि देवतेसारखीही. अमेरिकेतल्या रूथ असावा (१९२६–२०१३) यांनी १९४७ साली मेक्सिकोतल्या तोलुका इथे टोपल्या विणणाऱ्यांकडून तारेच्या फासांची पद्धत शिकून घेतली आणि आयुष्यभर एकात एक गुंतलेली टांगती तारशिल्पं केली. ताईंनी या दोघींचं काम बारकाईनं अभ्यासलंय. असावांच्या आकारांना मात्र पुढची-मागची बाजू नसते, ते कुठूनही पाहिले तरी पूर्ण असतात. इथे तसं नव्हतं.

पहिली टांगणी

दोर ताईंनी स्वतः वळला. त्याच वेस्टेज पट्टीचे तीन पेड, जाडी साधारण दीड इंच, लांबी ११ फूट. दोर हा शिल्पाचाच भाग असावा, वरून खाली एकच द्रव्य वाहत यावं, हा विचार मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. सुरक्षेसाठी दोराच्या पोटातून पोलादी तार ढिली सोडली होती, म्हणजे दोर तुटलाच तर वजन तारेवर येईल. बीममध्ये अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा बोल्ट, त्याला एकच हूक. पीओपीच्या छताला काहीही अडकवलेलं नव्हतं. हे लिहून ठेवतो, कारण घरोघरी तीच पहिली चूक होते. पीओपीचं छत स्वतःचं वजन कसंबसं पेलतं.

एप्रिल-मे व्यवस्थित गेले. सोलापूरचा मे म्हणजे चाळिशीच्या वरचा पारा आणि कोरडी ठणठणीत हवा. जूनमध्ये थोडा पाऊस झाला, शिल्प किंचित वळलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरचा. त्या महिन्यात मुख लँडिंगवरून निघून भिंतीकडे गेलं. मालकांचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात रागापेक्षा भीती जास्त होती. दोर उलगडतोय म्हणजे तुटणार, आणि खाली दिवसभर माणसं ये-जा करतात.

दोन तक्रारी, दोन कारणं

सगळ्यांचं पहिलं मत एकच होतं: पावसात सूत भिजून जड झालं, म्हणून शिल्प फिरलंही आणि कललंही. ऐकायला हे सरळ वाटतं, पण आकडे मांडले की टिकत नाही.

सूत हवेतलं पाणी घेतं हे खरं. व्यापारात कोरड्या सुताच्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा धरलाच जातो. शिल्पात सुमारे १४ किलो सूत आहे. पोटाच्या बाजूला पावसाळ्यात अर्धा-पाऊण किलो वजन वाढलं असं धरलं आणि ते मध्यापासून दीड फुटावर आहे असं मानलं, तरी ३१ किलोच्या वस्तूचा गुरुत्वमध्य पाऊण-एक सेंटीमीटरच सरकतो. त्यानं खालचं टोक फार तर इंचभर हललं असतं. सरकलं होतं ४ इंच. म्हणजे कलण्याचं कारण दुसरीकडे होतं.

परांचीवर चढून कातडी बाजूला केल्यावर ते सापडलं. वरून दुसऱ्या कड्याच्या सांध्यावरचे बाइंडिंग वायरचे दोन फास जस्ती तारेवरून घसरून खाली आले होते. गुळगुळीत तारेवर पिळलेला फास सततच्या भाराखाली सरकतोच. त्या बाजूची उभी तार त्यामुळे ढिली पडली आणि अख्खं पोट तिकडे झुकलं. उपाय सरळ होता. काम खाली उतरवून, सांध्यापुरता जस्ताचा थर घासून काढून, सगळे सांधे पितळानं गॅसवर जोडून घेतले. जस्त तसंच ठेवून तापवलं तर निघणारा धूर छातीला घातक असतो, म्हणून घासायचं काम वेल्डरवर न सोडता आम्ही समोर उभं राहून करून घेतलं.

फिरण्याचं कोडं मात्र आमच्यापैकी कुणाला सुटलं नाही. ते सोडवलं कारखान्यातल्या एका वयस्कर अण्णांनी. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि तरुणपणीची सगळी वर्षं गिरणीच्या डबलिंग खात्यात, म्हणजे एकेरी धागे पिळून दुहेरी करण्यात गेलेली. अण्णा जिन्यात आले, शिल्पाकडे फारसं बघितलंच नाही, नजर थेट दोरावर. वरच्या मजल्याच्या कठड्यातून हात घालून त्यांनी दोर चिमटीत धरला, थोडा उलगडून पाहिला.

"ताई, पावसाला कशाला बोल लावता? वळतानाच चुकलंय बगा. पेडाला पीळ कमी बसलाय आणि दोराला जास्त."

मग खिशातून शिंप्याचा निळा खडू काढला आणि परांचीवरच्या पोराकरवी दोरावर वरपासून खालपर्यंत उभी सरळ रेघ ओढून घेतली. म्हणाले, दिवाळीपर्यंत बघा. तोवर हवा कोरडी पडली. दिवाळीत पाहिलं तर रेघ सरळ उरली नव्हती. दोराभोवती ती थोडी वळली होती, आणि मुखही तेवढंच परत आलं होतं.

यातली यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. कापसाचा तंतू ओलावा घेतो तेव्हा जाडीनं फुगतो, लांबीनं जवळजवळ वाढत नाही. पिळलेल्या दोरात हा तंतू मळसूत्रासारखा गोल फिरत वर चढलेला असतो. दोर जाड झाला की तेवढेच वेढे घ्यायला त्याला जास्त लांबी लागते, आणि ती तर नाही. मग दोन वाटा उरतात: दोर आखडेल, किंवा एक टोक मोकळं असेल तर पीळ सोडेल. खाली टांगलेलं शिल्प म्हणजे मोकळं टोकच. हवा कोरडी झाली की तंतू बारीक होतात आणि पीळ परत चढतो. टॉवेलचं सूत तर पाणी शोषावं म्हणूनच बेताच्या पिळाचं ठेवलेलं असतं, त्यामुळे इथे हा परिणाम जरा जास्तच जाणवला असणार.

पण मुख पूर्ण परत आलं नव्हतं, आणि अण्णांचं म्हणणं इथे लागू पडतं. चांगल्या दोरात पेडांचा पीळ एका दिशेला असतो आणि ते पेड उलट दिशेनं वळून दोर होतो. पेड स्वतःचा पीळ सोडायला बघतात आणि त्यातूनच दोर आणखी आवळला जातो. दोन्ही जोर बरोबरीत आले की दोर शांत लटकतो. पेडांना पीळ कमी असेल तर हा तोल बसत नाही, आणि पिळून सोडलेल्या ओल्या टॉवेलासारखा दोर भाराखाली उलगडत जातो. म्हणजे एक फिरणं ऋतूचं होतं, जाणारं-येणारं, आणि दुसरं भाराचं, कायमचं. मार्चपासून दोन्ही एकमेकांत मिसळून चाललं होतं.

मालकांच्या भीतीलाही यात उत्तर होतं. ओलं झालं म्हणून सुती दोर कमजोर होत नाही. कापूस ओला असताना कोरड्यापेक्षा थोडा मजबूतच असतो. धोका होता तो उलगडलेल्या पेडांचा, कारण त्यात भार सगळ्या तंतूंवर सारखा बसत नाही. शिवाय फिरून फिरून हुकापाशी दोर घासला जात होता. तिथली झालर झिजून पातळ झालेली स्पष्ट दिसत होती. एवढ्या माणसांच्या डोक्यावर हे तसंच ठेवणं योग्य नव्हतं.

फिरू द्यावं की नाही

इथे मतभेद झाले, आणि ते मला दुरुस्तीइतकेच मोलाचे वाटतात. मालकांना शिल्प जागच्या जागी स्थिर हवं होतं. त्यांच्या इंजिनिअर पाहुण्यांनी भिंतीला नायलॉनचे दोन तंगावे बांधायचं सुचवलं. ताई ठाम म्हणाल्या की तंगाव्यांनी बांधलेली गोष्ट टांगलेली राहत नाही, ती अडकवलेली होते. त्यांना फिरणं आवडायलाही लागलं होतं. पाऊस आला की सुतानं वळावं, ऊन पडलं की परतावं, यात त्यांना आपल्या द्रव्याचा जिवंतपणा दिसत होता.

माझं मत ताईंच्या बाजूचं होतं, पण पूर्ण नाही. एखादं काम फिरण्यासाठीच घडवलेलं असेल तर त्यानं खुशाल फिरावं. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांची हलती शिल्पं प्रत्येक वळणावर पूर्ण दिसतील अशीच रचलेली आहेत. या शिल्पाचं मुख, आतलं अस्तर, तांब्यावरचं ऊन, हे सगळं एका जागी उभ्या माणसासाठी केलेलं आहे. ते वर्षातले चार महिने भिंतीला दाखवायचं म्हणजे कामाचा उत्तम भाग वाया घालवायचा.

एका पोलादी तारेवर स्विव्हल, म्हणजे मोकळी फिरणारी कडी, लावून टांगायचा पर्याय त्यामुळे बादच झाला. त्यात दोराचा दोष गेला असता, पण पंख्याच्या वाऱ्यानंही शिल्प गरगरलं असतं. उरला मार्ग दोन तारांचा. दोन समांतर तारांवर टांगलेली वस्तू फिरायला गेली की दोन्ही तारा तिरक्या होतात आणि वस्तू किंचित वर उचलली जाते. तिचं स्वतःचं वजनच तिला परत जागेवर आणतं. हा परत आणणारा जोर तारांमधल्या अंतराच्या वर्गानं वाढतो: अंतर दुप्पट तर जोर चौपट. तारा जितक्या लांब तितका तो कमी.

पहिला विचार १८ इंच अंतराचा होता. हिशोब केला तर शिल्प अगदी ताठ बसणार होतं. ६ इंचांवर जोर त्याच्या नवव्या हिश्शावर येतो. आणि तिथे ताईंना वाट दिसली. भार दोन तारांनी घ्यायचा, मूळ दोर मधोमध तसाच ठेवायचा, वर-खाली बांधून, पण ढिला. तो आता वजन पेलणार नाही, म्हणून आणखी उलगडणार नाही. ओलाव्यानं मात्र वळायला बघेल आणि तारा त्याला बेतानंच वळू देतील. अण्णांनी उलट पिळाचा दुसरा दोर वळून जोडीला लावायचं सुचवलं होतं, म्हणजे दोघांचे जोर एकमेकांना खातील. तोड अचूक होती. ताईंनी ती नाकारली ती त्यांना शिल्पाचं सगळंच हलणं घालवायचं नव्हतं म्हणून. अण्णांना ते फारसं रुचलं नाही, पण मूळ दोराची झिजलेली टोकं त्यांनीच नव्यानं वळून दिली, पेडांना हवा तेवढा पीळ देऊन.

पुन्हा टांगताना

सोलापुरातली संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकल्यावर परांची बांधणारे मोकळे झाले आणि जानेवारीअखेर काम केलं. बीममध्ये ६ इंचांवर दोन अँकर, ४ मिमी स्टेनलेस वायर रोप, दोन्ही टोकांना थिंबल, म्हणजे फासाच्या आत बसणारी धातूची खोबण, आणि प्रत्येक फासाला तार आवळून धरणाऱ्या तीन बुलडॉग क्लिप. क्लिपची खोगीर असलेली बाजू भार घेणाऱ्या तारेवर बसवायची आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. आमच्याकडच्या पोरांनी पहिल्यांदा उलट्या बसवल्या होत्या, त्या सोडवून परत बसवल्या. उलट बसवलेली क्लिप भार घेणारी तारच चेपते. खाली वरच्या कड्यात आडवी पट्टी, तिला डी-शॅकल, म्हणजे बोल्टनं बंद होणारी कडी, आणि उंची जुळवायला टर्नबकल. प्रत्येक तार एकटी पडली तरी शिल्पाच्या वजनाच्या कितीतरी पट भार घेईल, एवढी सोय ठेवली. सगळ्या सामानापेक्षा परांचीचाच खर्च जास्त झाला. टांगणीचं रेखाटन आणि खर्च मूळ करारात वेगळा धरला असता तर हे पहिल्याच वेळी झालं असतं. ताई आता प्रत्येक कामात तसाच धरतात.

उतरवलेलं असतानाच आणखी एक गोष्ट निघाली. कातडीच्या एका भागात मागावरच्या उभ्या सुताची वेस्टेजही वापरली होती, आणि त्यातल्या थोड्या सुताची खळ धुवायची राहून गेली होती. तिथे बुरशीचे तपकिरी ठिपके आणि कसरीनं कुरतडल्याच्या खुणा होत्या. तेवढं सूत काढून टाकलं. नवीन सूत धुण्याच्या सोड्यात उकळून, खळ पूर्ण घालवून, उन्हात वाळवून मगच चढवलं.

त्यानंतरचा मे आणि सप्टेंबर दोन्ही पाहिले. जिन्याच्या फरशीवर ओळंब्याखाली आम्ही खुणा करून ठेवल्या आहेत. पावसाळ्यात फुगवट्याची कड साधारण वीतभर सरकते आणि दिवाळीनंतर परत येते. मुख लँडिंगवरच राहतं, फक्त ऊन तांब्यावर थोडं वेगळ्या जागी पडतं. टोक ओळंब्यात आहे.

घरच्यांना लिहून दिलेल्या सूचना मोजक्या आहेत. मृग लागायच्या आधी क्लिपांचे नट तपासायचे आणि खडूच्या खुणेपासून तार सरकलीय का बघायचं. धूळ मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमनं वरून खाली काढायची, ओलं फडकं लावायचं नाही. चमक यावी म्हणून वॉर्निश किंवा कसलाही स्प्रे मारायचा नाही, कारण त्यानं सूत कडक होतं आणि धूळ कायमची चिकटते. आणि नट तपासायला अण्णांना बोलवायचं, असं मालकांनी खाली स्वतःच्या हातानं लिहिलंय.